शेवटच्या रकान्याचा बिघाड

कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा रकानेसाहेबांनी त्याला माफ केलं. म्हाताऱ्या यंत्राला एखादी डुलकी लागायचीच, असं म्हणून त्यांनी बटण दाबून त्याला उठवलं आणि पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला घेतलं. दुसऱ्यांदा बंद पडला तेव्हा त्याला तोंडी समज दिली. तिसऱ्यांदा मात्र ते खुर्चीवरून उठले आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा मुद्दाम करतोय."

"कोण?" आतून बायकोने विचारलं.

"कॉम्प्युटर."

"बरं," ती म्हणाली आणि तिने मिक्सर सुरू केला.

रकानेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नकोच. पाणीपुरवठा खात्यात ते हेडक्लार्क होते आणि अर्जातला कोरा रकाना पाहिला की त्यांच्या अंगावर काटा यायचा. अर्जदार एकटा जीव असला तरी 'अपत्ये' ह्या रकान्यात 'निरंक' असं त्याच्याकडून लिहून घेतल्याशिवाय ते त्याच्या नळाला पाणी येऊ देत नसत. लोक तहानलेले राहिले, पण रकाने भरले गेले. निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठ म्हणाले होते की ह्या माणसाने आपल्या टेबलावर एकही प्रकरण प्रलंबित ठेवलं नाही. ते वाक्य रकानेसाहेबांनी बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तिला वरिष्ठांचा खोकलासुद्धा कुठे आला ते पाठ झालं होतं.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांनी सावध राहायचं असतं. पण घरचे गाफील राहिले, आणि त्यातच कुटुंबाचा मेळावा झाला. ह्या मेळाव्याचे कर्तेधर्ते म्हणजे रकानेसाहेबांचे थोरले चुलतभाऊ. त्यांच्या हाती माइक आला की तो परत मिळवणं अवघड, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे भाषणदादा म्हणत. भाषणदादांनी भर हॉलमध्ये जाहीर केलं की आपल्या घराण्याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. रकानेसाहेबांनी हात वर केला. भाषणदादांनी त्या हाताकडे पाहिलं आणि माइकमधूनच म्हणाले, "तू? अरे, तू अर्ज परत पाठवणारा माणूस. पुस्तक पुरं करणं हे तुझं काम नव्हे." हॉल हसला. रकानेसाहेबांची बायकोही थोडी हसली, आणि ते त्यांनी पाहिलं.

त्या हसण्याला उत्तर म्हणून हे पुस्तक चाललं होतं. पुढच्या मेळाव्यात छापील प्रत भाषणदादांच्या हातात ठेवायची, एवढं एकच ध्येय होतं. कॉम्प्युटर लेकीचा. ती शिकत असताना घेतलेला. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि कॉम्प्युटर मागे राहिला. त्याच्या डब्यावर तिने चिकटवलेलं हसऱ्या बेडकाचं चित्र अजून होतं. बंद पडल्यावर काळ्या पडद्याशेजारी तो बेडूक तसाच हसत राहायचा आणि साहेबांच्या रागाला फोडणी मिळायची.

इतिहास लिहायची साहेबांची पद्धत खात्यातली होती. प्रत्येक पूर्वजाला सारखेच सहा रकाने: जन्म, शिक्षण, नोकरी वा धंदा, विवाह, स्वभाव आणि शेवट. कुणावर अन्याय नको. टाइप करायचे ते एका बोटाने आणि प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत, त्यामुळे घराण्याचा इतिहास लिहिला जाण्याआधी सगळ्या घराला ऐकू येई. सर्वांत जास्त ऐकायचे आबा, म्हणजे साहेबांचे वडील. नव्वदीला टेकलेले आबा टेबलाला लागूनच असलेल्या आरामखुर्चीत दिवसभर बसलेले असत. मांडीवर पेपर, हातात रबरी बूच लावलेली काठी. कान तेवढे तल्लख.

"स्वभाव," साहेब म्हणायचे आणि बोट चालवायचे. "शांत... मितभाषी... व सोशिक."

"कोण?" आबा विचारायचे.

"तुमचे काका."

"ते मितभाषी? अरे, ते बोलायला लागले की पाहुणे चपला विसरून पळायचे."

"आबा, पुस्तकात असंच लिहायचं असतं."

सर्व पूर्वज शांत, मितभाषी व सोशिक निघाले. ज्या आजीने दोन सुना पळवून लावल्या होत्या तीसुद्धा सोशिक निघाली. शेवटचा रकाना भरला की साहेब सेव्हचं बटण दाबायचे, पाठ ताणायचे आणि समाधानाने म्हणायचे, "चला, आणखी एक हातावेगळे झाले. अगं, चहा टाक." चहा होईतो आबा पेपर उलगडून त्यात तोंड घालून बसायचे.

असं करत करत पणजोबा हातावेगळे झाले, आजोबा झाले, सगळे काका झाले. उरले आबा. आणि नेमका इथेच कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

लेकीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, मधे मधे सेव्ह करता ना?"

"मधे म्हणजे?"

"म्हणजे अर्धं झालं की सेव्ह करायचं. बंद पडला तरी तेवढं राहतं."

"अर्धवट मसुदा फायलीला लावायचा?" साहेबांचा आवाज चढला. "मसुदा पुरा झाल्याशिवाय मी आयुष्यात फाईल केलेला नाही. आणि ह्या वयात ती सवय लावून घेणार नाही."

"मग रोज पहिल्यापासून लिहा," लेक म्हणाली. ह्या मुलीला सल्ला विचारला की असंच होतं, असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला. आबांनी खुर्चीतून विचारलं, "म्हणजे पुरा होईपर्यंत काहीच राहत नाही का त्याच्या पोटात?" साहेब म्हणाले, नाही राहत. आबांनी मान डोलावली आणि पेपराचं पान उलटलं.

मग शेजाऱ्यांना कळलं. कळणारच, कारण साहेब कॉम्प्युटरला जे बोलत ते जिन्यात ऐकू येत होतं. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर पहिल्यांदा आले. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते, आणि जगातली कुठलीही गोष्ट पडली की ती भारामुळे पडते अशी त्यांची खात्री होती. त्यांनी डब्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "लोड येतोय."

"कसला लोड? मी एका बोटाने टाइप करतो."

"बोटाचा नाही. मजकुराचा. किती पिढ्या घातल्यात आत?"

साहेबांनी पिढ्या सांगितल्या. इंजिनिअरांनी 'बघा' अशा अर्थाने हात पसरले. साहेबांनी एक संपूर्ण दुपार लेकीची जुनी गाणी आणि फोटो पुसण्यात घालवली, आणि तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो चुकून पुसला गेला तो गेलाच. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी 'शिक्षण' ह्या रकान्यात बंद पडला.

समोरच्या मावशींचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते यंत्र दमलं होतं. त्यांचा मिक्सर लग्नात मिळालेला, अजून चालतो, कारण त्या त्याला दुपारी झोपू देतात. त्यांनी घरून कापड आणलं, मापं घेतली आणि कॉम्प्युटरला झालरीचा अंगरखा शिवून घातला. यंत्र त्यात गुदमरून तापलं, एकदा खरोखरच आपणहून बंद पडलं, आणि त्याला वासही यायला लागला. अंगरखा काढला. मावशींनी आठवडाभर जिन्यात तोंड फिरवलं.

दुरुस्तीवाला आला तो पेचकस बाहेर काढून, आजार काय ते न विचारता. त्याने डबा उघडला आणि आतून इतकी धूळ काढली की बायको सुपली घेऊन आली. मग त्याने पंखा बदलला. कॉम्प्युटर बंद पडला. पॉवर सप्लाय बदलला. कॉम्प्युटर बंद पडला. मग 'आतलं काहीतरी' बदललं, ज्याचं नाव त्याने सांगितलं पण साहेबांना पुन्हा उच्चारता आलं नाही. शेवटी तो कॉम्प्युटर दुकानात घेऊन गेला. तिथे तो सुरू करून ठेवला तर अखंड चालला, एकदाही डोळा मिटला नाही. दुरुस्तीवाल्याने तो परत आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ह्याला काही झालेलं नाही. तुमच्या घरात काहीतरी आहे."

"घरात काय असणार?"

"ते मी कसं सांगू? मी फक्त मशीन बघतो."

तो पायऱ्या उतरून खाली पोहोचला नसेल, तोच आबांच्या 'जन्म' रकान्यात कॉम्प्युटर बंद पडला. साहेबांनी खिडकीतून त्याला हाक मारली. त्याने ऐकली, पण वर पाहिलं नाही.

घरात काहीतरी आहे म्हणजे विजेतच दोष असणार, असा साहेबांनी निष्कर्ष काढला आणि वीज कचेरीत गेले. सरकारी कचेरीत शिरताना त्यांना नेहमीच माहेरी आल्यासारखं वाटे. ओळीत उभं राहून त्यांनी सुंदर अक्षरात तक्रारीचा अर्ज भरला. फक्त 'तक्रारीचे कारण' ह्या रकान्याशी ते अडले. कारण ठाऊक असतं तर ते आलेच कशाला असते? त्यांनी मन घट्ट करून तिथे आडवी रेघ मारली.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि परत सरकवला. "रकाना कोरा आहे."

"कोरा नाही. रेघ मारली आहे."

"रेघ म्हणजे कोराच. कारण लिहा."

"कारण शोधायलाच तुमचा माणूस पाठवा म्हणतोय मी."

"कारण लिहिल्याशिवाय माणूस पाठवता येत नाही. पुढे कोण आहे?"

रकानेसाहेब बाजूला झाले. मानहानी तर झालीच होती. पण खोटं कशाला बोला, बाईंच्या आवाजातला तो थंडपणा ऐकून त्यांना मनातल्या मनात कौतुकही वाटलं. हुबेहूब त्यांचाच आवाज होता तो. इतकी वर्षं खिडकीच्या पलीकडे तो ऐकताना लोकांना काय वाटत असेल, हा विचार त्यांच्या मनात आला. तो सोयीचा नव्हता म्हणून त्यांनी तो जिन्यातच सोडून दिला.

इकडे मेळावा जवळ येत चालला होता. भाषणदादांचा फोन आला. "काय रे, झालं का पुस्तक?" त्यांनी लाडिकपणे विचारलं. "नसेल झालं तर सांग, मी माझ्या भाषणात सांभाळून घेतो." साहेबांनी एकच प्रकरण राहिलंय असं सांगितलं. "तेच तर," भाषणदादा म्हणाले. साहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बायकोला त्यांची दया आली. "हाताने लिहा ना ते एक," ती म्हणाली.

"बाकीचे सगळे टाइप केलेले आणि माझा बाप हाताने?" साहेब म्हणाले. "इतरांना एक न्याय आणि माझ्या बापाला दुसरा?"

आबांनी पेपरातून डोकं वर काढलं. "मला घाई नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब जिद्दीने बसले. आज काय ते होऊन जाऊ दे. जन्म झाला, शिक्षण झालं, नोकरी झाली. "आज कुठवर आलास?" आबांनी विचारलं. साहेब म्हणाले, "विवाह." मग विवाहही पार पडला. स्वभावात शांत, मितभाषी व सोशिक हे शब्द उमटले आणि कॉम्प्युटर अजून चालू होता. साहेबांनी श्वास रोखला. त्यांना वाटलं, आता टेबलाखालची वायर जरा दाबून बसवावी, उगाच ऐन वेळी दगा नको. ते गुडघ्यांवर बसले, मग ओणवे झाले, आणि मुंडकं आत घालून टेबलाखाली शिरले. तिथे फरशीवर कॉम्प्युटरचा एक्स्टेंशन बोर्ड पडलेला होता, त्याचं लाल बटण पेटलेलं. सगळं ठीक दिसत होतं. उत्साहाने साहेबांनी तिथूनच मोठ्याने म्हटलं, "चला, आता एकच राहिला. शेवट."

तेवढ्यात त्यांच्या नाकाशेजारून रबरी बूच लावलेलं एक टोक सावकाश आत आलं. ते थोडं थबकलं. मग फरशीवर डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं, आणि सरावाने लाल बटणावर जाऊन टेकलं. खट. वर कॉम्प्युटरच्या पंख्याचा घरघराट थांबला. मग पुन्हा एकदा खट, आणि लाल बटण होतं तसं पेटलं. काठी आली तशी शांत, मितभाषी व सोशिकपणे परत गेली.

रकानेसाहेब टेबलाखाली तसेच राहिले. बाहेर निघायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागणार होतं. पंखा, पॉवर सप्लाय, झालरीचा अंगरखा, खिडकीतली बाई, लेकीचा पुसलेला फोटो, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. शेवटी डोकं टेबलाला आपटून घेत ते बाहेर आले.

"आबा."

आबांनी पेपर तोंडासमोर धरलेला होता. तो उलटा होता.

"आबा, हे तुम्ही करत होतात?"

पेपर हळूहळू खाली आला. "एकदा त्याने स्वतःहून केलं होतं," आबा म्हणाले. "मावशींच्या झग्यामुळे. ते माझ्या नावावर घालू नकोस."

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती. "तुम्हांला खरंच ठाऊक नव्हतं?" ती म्हणाली. "मी केर काढताना एकदा पाहिलं. मला वाटलं, बाप-लेकांचा काही खेळ चाललाय."

"अहो, पण का? मी तुमच्याच मानासाठी रक्त आटवतोय. जगाला कळावं माझा बाप कोण होता."

"होता," आबा म्हणाले.

आबांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि तिच्या मुठीकडे पाहत बोलू लागले. "माझ्या बापाचं तू केलंस ना, तेव्हा मी इथेच बसलो होतो. जन्म, शाळा, दुकान, लग्न. छान ऐकत होतो मी. मग शेवट. तू बटण दाबलंस, पाठ ताणलीस, आणि म्हणालास, एक हातावेगळे झाले, चहा टाक. माझ्या काकांचं तेच. सगळ्यांचं तेच. मग माझा नंबर लागला. तू एकही रकाना कोरा सोडत नाहीस. सगळ्या गावाला ठाऊक आहे. मला हातावेगळं व्हायचं नाही रे अजून."

रकानेसाहेबांना रागवायचं होतं. त्यांचा तो हक्कच होता. पण राग येईना. आपण रोज बापाच्या कानाशी बसून एकेक करून त्याची सगळी माणसं मारत होतो आणि वर चहा मागत होतो, हे त्यांना आज दिसलं. त्यांना फार वाईट वाटलं. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ त्या हसऱ्या बेडकाकडे पाहत राहिले.

मग त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. कॉम्प्युटर घरघरत उठला. साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे रकाने भरले. ह्या वेळी 'स्वभाव' आला तेव्हा त्यांनी आबांकडे पाहून विचारलं, "काय लिहू?"

"खोडकर लिही. आणि बोलका."

लिहिलं. मग शेवट आला. आबांची काठी जराशी हलली.

"निरंक लिहू?" साहेबांनी विचारलं.

"निरंक म्हणजे होणारच नाही. एवढं खोटं नको. भाषणदादा धरेल तुला."

साहेबांनी विचार केला. मग चष्मा सारखा करून, एका बोटाने, मोठ्याने एकेक अक्षर म्हणत त्यांनी असा शब्द टाइप केला जो त्यांनी उभ्या नोकरीत आपल्या टेबलावर येऊ दिला नव्हता. "प्र... लं... बि... त."

आबांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "तुमच्या खात्यात प्रलंबित किती दिवस राहतं?"

"माझ्या टेबलावर नसायचं," साहेब म्हणाले. "पण शेजारच्या टेबलावर एकदा गेलं की कुणाच्या बापाला सापडायचं नाही."

"मग शेजारच्या टेबलावर ठेव," आबा म्हणाले आणि काठी खुर्चीच्या पाठीला अडकवली. "आता सूनबाई, चहा टाक."

मेळाव्यात पुस्तक सगळ्यांच्या हातात पडलं. भाषणदादांनी ते व्यासपीठावरच उलट्या बाजूने उघडलं, कारण दोष शेवटच्या पानावर सापडतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. ते वाचून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माइक तोंडाशी ओढला. "मंडळी," ते म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? हे बघा. शेवटचा रकाना. प्रलंबित. पुस्तक अपूर्ण आहे."

सगळा हॉल रकानेसाहेबांकडे वळला. एरवी ह्या शब्दाने ते कागदासारखे पांढरे पडले असते. ते जागेवरच उभे राहिले. "हो," ते म्हणाले. "अपूर्ण आहे. तसंच राहू दे."

"असं कसं राहू दे?" भाषणदादा म्हणाले. "ह्यावरून मला आठवतं, घेतलेलं काम तडीस नेणं ही आपल्या घराण्याची..."

इथे माइक बंद पडला. भाषणदादांचे ओठ हलत राहिले. कुणीतरी माइकवर टिचकी मारली, कुणीतरी वायर हलवली, आणि पुलांचे इंजिनिअर, जे पाहुणे म्हणून आले होते, लोड येतोय असं सांगू लागले. बायकोने पदर तोंडाशी धरला होता. पहिल्या रांगेत, व्यासपीठाच्या पायरीशी, जिथे वायरचा बोर्ड होता, तिथे आबांची खुर्ची ठेवलेली होती. रकानेसाहेबांना बिघाड कुठे आहे ते बरोबर ठाऊक होतं. त्यांनी तिकडे अजिबात पाहिलं नाही.